वाचकांचे प्रश्न : लोनसोबत गळ्यात मारलेला विमा अन् तक्रारीचा कागद

मागच्या वेळी पीककर्जावर लिहिलं तेव्हा शेवटी एक ओळ टाकली होती, की लोन घेतलं असेल तर त्यातून विम्याचे किती कापले ते एकदा पाहून घ्या. त्या एका ओळीवर एवढी पत्रं अन् पासबुकांचे फोटो आले की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त हेच घेतो. मी २२ वर्षं ग्रामीण शाखेत काउंटरमागं काढली, मार्च आला की वरून विम्याचं टार्गेट यायचं, रोज संध्याकाळी फोन, आज किती पॉलिसी झाल्या. अन् लोनची फाइल घेऊन समोर बसलेला माणूस सगळ्यात सोपा, कारण त्याला पैसा पाहिजे असतो, तो कशालाच नाही म्हणत नाही. हे मी डोळ्यानं पाहिलं आहे, म्हणून तुमची पत्रं वाचून मला नवल वाटलं नाही, वाईट फार वाटलं.

प्रश्न : नमस्कार भाऊ. मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार, पाच एकर वावर हाये. मोटर अन् पाइपलाइनसाठी बँकेतून पाच वर्षांचं तीन लाखाचं लोन घेतलं, फेब्रुवारीत पास झालं. खात्यात आले २,८१,४००. इचारलं तं साहेब म्हणे ३,००० प्रोसेसिंगचे अन् १५,६०० इन्शुरन्सचे, इन्शुरन्स घेतल्याबिगर लोन होतच नाही. मले पहिले कोनी सांगतलं नव्हतं, वीसक सह्या घेतल्या, सगळे कागद इंग्रजीत. पॉलिसीचा कागद तं आता मी मांगाले गेलो तवा दहा दिवसाआधी भेटला. पोरगा म्हणते बाबा तुम्ही सही केली, आता काही होत नाही. मी तक्रार लिहून ठेवली हाये, सोबत फोटो पाठवतो, बरोबर हाये का पाहा.

उत्तर : भाऊ, पोराला सांगा की सही केली म्हणजे विषय संपला असं नाही. सही कशावर केली, ती घेताना तुम्हाला काय सांगितलं अन् काय लपवलं, हाच तर तक्रारीचा मुद्दा आहे. तुमच्या बाबतीत तर बँकेनं सरळ सरळ खोटं सांगितलं, लोनसाठी त्यांचाच विमा घ्यावा लागते असा कोणताच नियम नाही. बँक विम्याची एजंट असते, त्यावर तिला कमिशन मिळते, अन् एजंटाला सक्तीनं विमा विकता येत नाही.

आता तुमचा कागद पाहू. तुम्ही पाठवलेल्या विम्याच्या सर्टिफिकेटच्या दुसऱ्या पानावर दोन गोष्टी आहेत. एक, तुम्ही मेले तर राहिलेलं लोन कंपनी भरणार. दुसरी, नोकरी गेली तर तीन महिन्यांचे हप्ते कंपनी भरणार, अन् खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे की हे फक्त पगारदार माणसाला. तुम्ही कास्तकार, तुमची नोकरी कोण काढून घेणार? म्हणजे जी गोष्ट तुम्हाला कधी मिळूच शकत नाही तिचेही पैसे घेतले. तुमच्या तक्रारीतली सगळ्यात वजनदार गोष्ट हीच आहे अन् तुमच्या मसुद्यात तिचं नावही नाही.

ब्रिटनमध्ये अगदी हेच झालं होतं. पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स म्हणायचे त्याला, पीपीआय. लोन असो, क्रेडिट कार्ड असो, घराचं कर्ज असो, सोबत हा विमा चिकटवून द्यायचे, स्वतःचा धंदा असलेल्यालाही अन् रिटायर झालेल्यालाही, ज्यांना त्यातला नोकरी जाण्याचा क्लेम मिळणं शक्यच नव्हतं. लोकांनी तक्रारी केल्या, बँका कोर्टात गेल्या अन् २०११ मध्ये हरल्या, मग २९ ऑगस्ट २०१९ ही तक्रारीची शेवटची तारीख ठरली, अन् सगळं मिळून ३८ अब्ज पौंडांच्या वर पैसा लोकांना परत करावा लागला. त्यातल्या कितीतरी फॉर्मवर लोकांच्या सह्या होत्याच की. तिथला कायदा इथं लागू नाही, पण पोराला सांगायला हे उदाहरण चांगलं आहे.

अन् १५,६०० म्हणजे फक्त १५,६०० नाहीत बरं. ते लोनमध्येच धरले म्हणजे त्यावर तुम्ही व्याज भरता. तुमचा दर १४ टक्के, मुदत ६० महिने, तर या विम्यापायी दर महिन्याच्या हप्त्यात ३६३ रुपये जास्त जातात, पाच वर्षांत २१,७८० च्या आसपास. हा हिशोब ध्यानात ठेवायचा, कारण मागायचे ते व्याजासकट मागायचे.

आता तुमचा मसुदा. तुम्ही लिहिलं आहे, "माननीय साहेब, आमच्यासारख्या गरीब शेतकऱ्यावर घोर अन्याय झाला असून बँकेने आमची लूट केली आहे, तरी दोषींवर कडक कारवाई करावी, न्याय न मिळाल्यास उपोषणास बसू." भाऊ, यातलं एक अक्षर खोटं नाही हे मला मान्य. पण हे पत्र ज्याच्या टेबलवर जाईल त्याला यात खातं नंबर सापडत नाही, तारीख सापडत नाही, रक्कम सापडत नाही, अन् तुम्हाला नेमकं काय पाहिजे तेही नाही. मग तो काय करतो, शाखेला विचारतो, शाखा म्हणते ग्राहकानं स्वखुशीनं घेतला, तो तेच तुम्हाला टाइप करून पाठवतो अन् फाइल बंद. मी असे जवाब जाताना पाहिले आहेत. "कडक कारवाई करा" असं मागितलं की कारवाई झाली का नाही ते तुम्हाला कधी कळत पण नाही, अन् पैसे राहून जातात. पैसे मागा. मी तुमच्याच गोष्टीवरून असं लिहिलं, रिकाम्या जागा तुम्ही भरा :

"प्रति, तक्रार निवारण अधिकारी, (विमा कंपनीचे नाव). प्रत : शाखा व्यवस्थापक, (बँक व शाखा).

विषय : कर्ज खाते क्रमांक …… सोबत चुकीची माहिती देऊन दिलेला विमा, सर्टिफिकेट क्रमांक ……, रद्द करून रु. १५,६०० परत मिळण्याबाबत.

मी शेती करतो, मला पगाराची नोकरी नाही. तारीख …… फेब्रुवारी रोजी माझे रु. ३,००,००० चे कर्ज मंजूर झाले. त्यातून रु. १५,६०० विम्यापोटी कापले. विमा घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नाही असे मला शाखेतील कर्ज विभागाच्या अधिकाऱ्याने तोंडी सांगितले. विमा ऐच्छिक आहे, त्याची रक्कम किती, त्यात काय मिळते, हे सांगितले नाही. कागद इंग्रजीत होते, मला ते वाचता येत नाहीत, कोणी वाचून दाखवले नाहीत. सर्टिफिकेट मला तारीख …… रोजी मी स्वतः मागितल्यावर मिळाले. त्यातील नोकरी गेल्याचे संरक्षण फक्त पगारदारांना आहे, मी त्यास पात्रच नाही.

म्हणून मी ही पॉलिसी फ्री लूक मुदतीत रद्द करत आहे. माझी मागणी : (१) रु. १५,६०० परत करावे. (२) या रकमेवर आजपर्यंत बँकेने आकारलेले व्याज परत करावे. (३) रक्कम कर्ज खात्यात जमा केल्यास हप्ता नव्याने काढून लेखी कळवावा. (४) माझ्या सहीचा विम्याचा अर्ज (प्रपोजल फॉर्म), संमतीपत्र व कर्जाचे की फॅक्ट स्टेटमेंट यांच्या प्रती द्याव्यात."

बस एवढं. एका पानात बसते. शिवी नाही, उपोषण नाही, रडणं नाही. अधिकाऱ्याचं नाव माहीत असेल तर टाका, नसेल तर तो कोणत्या टेबलवर बसतो ते लिहा. कोणी सोबत होतं का त्या दिवशी? भाऊ, साळा, मित्र, तर त्याचं नाव साक्षीदार म्हणून टाका.

फ्री लूक म्हणजे काय ते सांगतो, कारण तुमची सगळी घाई यातच आहे. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमात आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवस तुम्हाला ती परत करता येते, त्याआधी ही मुदत १५ दिवस होती. दिवस मोजायचे ते लोन पास झाल्यापासून नाही, कागद मिळाल्यापासून. बँकेतला विमा बहुतेक ग्रुप पॉलिसीचा असतो, सगळ्या कर्जदारांची मिळून एकच पॉलिसी, म्हणून तुम्हाला पॉलिसीऐवजी सर्टिफिकेट मिळते, त्यावरच फ्री लूकचं कलम असते ते पोराकडून वाचून घ्या. तुमचे दहा दिवस गेले, वीस आहेत. कंपनी म्हणेल आम्ही तर फेब्रुवारीतच मोबाइलवर लिंक पाठवली होती, म्हणून त्या महिन्याचे मेसेज डिलीट करू नका, आले नसतील तर तसं पत्रात लिहा. पैसे परत करताना जेवढे दिवस संरक्षण दिलं तेवढ्याचा हप्ता अन् स्टॅम्प ड्युटीसारखा किरकोळ खर्च कापतात, ते कापू द्या. अन् ३० दिवस निघून गेलेले असले तरी दुसरे वाचक घाबरू नका, खोटं सांगून विकल्याची तक्रार फ्री लूकनंतरही चालते, फक्त थोडी जास्त मेहनत लागते.

की फॅक्ट स्टेटमेंट म्हणजे कर्जाचा दर अन् सगळा खर्च एका ठिकाणी मांडलेला कागद, त्याची प्रत मी मुद्दाम मागायला लावली. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की प्रत्येक घरगुती अन् छोट्या धंद्याच्या मुदत कर्जासोबत हा कागद द्यायचा, कर्जदाराला समजते त्या भाषेत द्यायचा, समजावून सांगायचा अन् समजलं अशी सही घ्यायची. विम्यासारखे दुसऱ्याच्या नावानं घेतलेले पैसे त्यात वेगळे दाखवायचे अन् वर्षाचा खरा दर काढताना धरायचे, त्याच्या पावत्या द्यायच्या. जी फी त्या कागदात नाही ती तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर घेताच येत नाही. आता तुमचा कागद इंग्रजीत असेल किंवा त्यात विम्याचा आकडाच नसेल तर तक्रारीचं अर्धं काम तिथंच झालं.

पत्र हातानं द्यायचं असेल तर दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय हलू नका, "ठेवून जा, साहेब पाहतील" म्हटलं तरी नाही. विमा कंपनीला स्पीड पोस्टनं पाठवा अन् पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोनच्या फाइलमध्ये ठेवा, ती शाई दोन महिन्यांत उडते, म्हणून आधी फोटो काढा. कंपनीनं दोन आठवड्यांत उत्तर दिलं पाहिजे. नाही दिलं किंवा उडवाउडवीचं दिलं तर इर्डाईच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बिमा भरोसा पोर्टलवर टाका, नाही जमलं तर १५५२५५ वर फोन करा. बँकेनं सक्ती केली, सांगितलं नाही, हा भाग बँकेविरुद्धचा, तो आधी बँकेला लेखी, ३० दिवस वाट, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस नावाच्या पोर्टलवर, चौकशीला १४४४८. तिथं वकील लागत नाही, फी नाही. लोक इथंच चुकतात, बँकेला न लिहिता थेट लोकपालाकडे जातात अन् तक्रार परत येते.

अन् एक हात जोडून सांगतो, तक्रार सुरू आहे म्हणून हप्ता थांबवू नका. विमा चुकीचा असला तरी लोन खरं आहे, हप्ता थकला की सिबिल खराब होते अन् पुढच्या मोसमात बियाण्याला पैसे उभे करायचे वांधे होतात.

उत्तर काय येणार ते पण आत्ताच सांगून ठेवतो, "ग्राहकाने अटी समजून स्वेच्छेने स्वाक्षरी केली आहे." ते आलं की घाबरायचं नाही. परत एक पत्र, त्यात तीनच प्रश्न : मला कोणत्या भाषेत, कोणी, कोणत्या तारखेला समजावलं? पगारदारासाठी असलेलं संरक्षण कास्तकाराला योग्य आहे असं कोणत्या आधारावर ठरवलं? अन् विमा नको असा पर्याय फॉर्मवर कुठं होता? पुढं लोकपालाकडे जाल तेव्हा हे प्रश्न अन् त्यांनी न दिलेली उत्तरं सोबत जोडायची.

प्रश्न : भाऊ, मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातून लिहिते. आमचा बायांचा गट आहे, फायनान्सवाल्याचं गटाचं लोन घेतलं. ४०,००० चं लोन, हातात ३८ हजाराच्या आत आले. कार्डावर विमा लिहिलं आहे माझा अन् नवऱ्याचा. मी विचारलं तर मीटिंगमध्ये सर म्हणाले, विमा नाही तर लोन नाही, अन् एका बाईनं तक्रार केली तर पुरा गट बंद होईल. बाकी बाया म्हणतात गप्प बस.

उत्तर : ताई, त्या बायांवर रागावू नका, त्यांच्या घरातही पैसा लागतो. पण सर जे बोलले ते नियमात बसत नाही. रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत, वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला बिनतारण दिलेलं लोन त्यात येते, म्हणजे तुमचंच. त्यात स्वच्छ लिहिलं आहे की लोनसोबत दुसरी वस्तू घेण्याची सक्ती करायची नाही, दिली तर पूर्ण संमतीनं द्यायची, अन् तिचे पैसे लोन कार्डावरच लिहायचे.

तुमचं कार्ड काढा. त्यावर विम्याची रक्कम, दोघांची वेगळी वेगळी, लिहिली आहे का? नुसतं "विमा" लिहून आकडा नसेल तर तोच पहिला मुद्दा. कार्डाच्या मागच्या बाजूला तक्रारीचा नंबर असतो, आधी तिथं फोन करून तक्रार क्रमांक घ्या अन् कार्डावरच पेननं तारखेसकट लिहा. मग दोन ओळींचं पत्र किंवा मेसेज कंपनीला, की अमुक तारखेच्या मीटिंगमध्ये असं सांगितलं, विमा मला नको होता, पैसे परत करा. या कंपन्यांच्या दोन संघटना आहेत, एमफिन अन् सा-धन, रिझर्व्ह बँकेनं मान्यता दिलेल्या, त्यांच्याकडेही तक्रार घेतात. पुढचा रस्ता वरच्याच उत्तरातला.

गटाची तक्रार म्हणून एकच कागद लिहू नका, प्रत्येकीचं खातं वेगळं, प्रत्येकीची तक्रार वेगळी. तीन बायांनी एकाच दिवशी तीन कागद दिले तर कोणा एकीवर दाब येत नाही.

एक गोष्ट मात्र घरात बसून विचार करून ठरवा. नवऱ्याच्या मजुरीवर घर चालते, उद्या त्याला काही झालं तर हे लोन कोण फेडणार? विमा वाईट नाही, सांगून अन् परवडणाऱ्या पैशात घेतलेला विमा घर वाचवतो. मी शाखेत होतो तेव्हा एका बाईचं पूर्ण लोन अशा विम्यातून मिटलं, ती कर्ज फिटल्याचा निल दाखला छातीशी धरून पायऱ्यांवर कितीतरी वेळ बसून होती, ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून ताई, हा विमा काय देतो ते पाहून घ्या, मग परत करायचा का ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

प्रश्न : माझ्या बाबाच्या जनधन खात्यातून मे महिन्यात ४३६ अन् २० रुपये कापले. सही कोणाचीच नाही. ही पण लूटच ना? (कारंजा)

उत्तर : ४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती, कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तर २ लाख. २० म्हणजे सुरक्षा बिमा, अपघातासाठी २ लाख. दोन्हीचं वर्ष १ जून ते ३१ मे. न विचारता सुरू केलं असेल तर चूकच आहे, बँकेला संमतीचा फॉर्म दाखवा म्हणून लिहा, नसेल तर पैसे परत मागा. पण बंद करायला लावण्याआधी बाबांचं वय पाहा, ज्योतीत १८ ते ५० अन् सुरक्षामध्ये १८ ते ७० वयाचा माणूस बसतो. बाबा ५५ चे असतील तर सुरक्षा राहू द्या, २० रुपयांत एवढा विमा दुसरीकडे मिळत नाही. दोन बँकांत खातं असेल अन् दोन्हीकडून कापत असेल तर एकीकडलं बंद करा, क्लेम एकच मिळतो.

प्रश्न : केसीसीवाल्याला (किसान क्रेडिट कार्ड) पीक विमा घ्यावाच लागते का? (दिग्रस)

उत्तर : नाही. २०२० च्या खरिपापासून कर्जदार शेतकऱ्यालाही ऐच्छिक आहे. फक्त गप्प राहिलात तर बँक धरून टाकते, नको असेल तर शेवटच्या तारखेच्या सात दिवस आधी बँकेला लेखी द्या अन् शिक्का घ्या. सोयाबीन, कापूसवाल्यांनी नाही म्हणण्याआधी दहादा विचार करा, एवढंच म्हणेन.

प्रश्न : मला फोन आला, "आम्ही इर्डाईमधून बोलतो, तुमच्या लोनच्या पॉलिसीचे पैसे परत आले आहेत, ते सोडवायला ४,८०० भरा." माझा पॉलिसी नंबर, जन्मतारीख सगळं त्यांनी बरोबर सांगितलं. भरू का? (मूर्तिजापूर)

उत्तर : नका भरू. इर्डाई कोणाला असा फोन करत नाही, पॉलिसी विकत नाही, बोनस वाटत नाही. नंबर बरोबर सांगितला म्हणजे माणूस खरा असं नाही, ही माहिती बाहेर विकली जाते. भरले असतील तर आत्ता वाचणं थांबवून १९३० वर फोन करा, जितका उशीर तितका पैसा दूर. अन् "आम्ही तक्रार लिहून देतो, मिळाल्यावर ३० टक्के द्या" म्हणणारेही फिरत आहेत गावोगाव, त्यांचीही गरज नाही. वर दिलं ते पत्र कॉपी करा, त्याचे पैसे लागत नाहीत.

प्रश्न : सर, मी चिखलदऱ्याखालच्या एका गावात राहते. घर बांधायला नवऱ्यानं बँकेतून जून २०२१ मध्ये ४ लाख घेतले होते, त्यात विमा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये हार्ट अटॅकनं गेले. कंपनीनं क्लेम नाकारला, म्हणे शुगर होती ते लपवलं. त्यांनी कुठं लपवलं, फॉर्म तर बँकेतल्या पोरानं भरला, यांनी फक्त सही केली. आता बँकवाले हप्त्यासाठी दारात येतात. नाकारल्याचं पत्र येऊन नऊ महिने झाले. मी बारावी शिकली आहे, मला लिहिता येते पण हात चालत नाही.

उत्तर : वहिनी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. हे नीट ऐका, तुमची बाजू चांगली भक्कम आहे.

विमा कायद्याचं कलम ४५ असं सांगते की पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षं झाली की कंपनीला तिच्यावर कोणत्याच कारणानं शंका घेता येत नाही, माहिती लपवली म्हणूनही नाही. २०१५ ची दुरुस्ती आहे ही. जून २०२१ ते नोव्हेंबर २०२४ म्हणजे तीन वर्षं पाच महिने. सर्टिफिकेटवर "जोखीम सुरू" अशी तारीख असते ती आधी पाहा, ती खरंच जून २०२१ ची असेल तर तुमच्या पत्राची पहिली ओळ हीच पाहिजे. नवरा कसा होता, घर कसं उघडं पडलं, हे सगळं खरं आहे पण ते खाली, दोन ओळीत. वर दोन तारखा अन् कलम ४५.

दुसरी गोष्ट, प्रपोजल फॉर्म अन् तब्येतीच्या डिक्लरेशनची प्रत मागा. अक्षर कोणाचं आहे ते दिसू द्या. "मधुमेह आहे का" समोर पेननं नाही अशी टिक असेल अन् बाकी फॉर्म दुसऱ्या हाताचा असेल, तर ते पत्रात लिहा. इंग्रजी फॉर्मवर मराठीत सही असेल तर त्याला समजावून सांगणाऱ्याची वेगळी सही असायला पाहिजे, ती आहे का तेही पाहा.

आता वेळेचं. विमा लोकपालाकडे जाण्याआधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी हरकत जावी लागते. ती गेली नसेल तर याच आठवड्यात पाठवा, एक महिना वाट पाहा, नकार आला किंवा काहीच नाही आलं तर लोकपाल. तिथं जायला एक वर्षाची मर्यादा असते, ते वर्ष कशापासून मोजायचं यावर वाद घालत बसण्याची वेळच येऊ देऊ नका, नाकारल्याच्या पत्राला वर्ष व्हायच्या आत तुमचा कागद तिथं पोचला पाहिजे. म्हणजे हातात तीन महिने आहेत. लोकपालाकडे फी नाही, वकील तर चालतच नाही, म्हणजे समोरून कंपनीचा वकीलही येत नाही. ५० लाखांपर्यंतचे दावे घेतात, तक्रार ऑनलाइन टाकता येते अन् सुनावणी व्हिडिओवर होते, गाव सोडायची गरज नाही. निकाल तुमच्या बाजूनं लागला तर कंपनीला ३० दिवसांत पाळावा लागतो. तिथं नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, पण त्याला दोन वर्षांची मुदत, तीही डोक्यात ठेवा.

बँकेला आजच एक वेगळं पत्र द्या, की क्लेमचा वाद सुरू आहे, तक्रारीची प्रत जोडली आहे, निकाल लागेपर्यंत वसुलीची कारवाई थांबवावी. ते ऐकतीलच असं नाही, पण दारात येणाऱ्या माणसाच्या हातात त्या शिक्का मारलेल्या पत्राची झेरॉक्स द्या. जमेल तेवढा हप्ता, शंभर दोनशे का होईना, भरत राहा अन् पावती घ्या.

हात चालत नाही म्हणालात. सर्टिफिकेट, नाकारल्याचं पत्र, मृत्यूचा दाखला अन् शेवटच्या दवाखान्याचे कागद, एवढ्यांचे फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. नाव, खातं नंबर छापणार नाही. हरकतीचं पत्र मी बसून लिहून देतो, तुम्ही वाचा, चूक असेल तिथं खोडा, अन् सही करून सोमवारच्या टपालात टाका.